वाक्य कोणाचं, हे वाचणाऱ्याला कळू दे

पुणे, रविवार

चि. रेवा,


तुझ्या इंग्रजी प्रबंधाचं पहिलं प्रकरण आणि सोबतचा, शब्दसाम्य मोजणाऱ्या टर्निटिनचा अहवाल, दोन्ही वाचलं. अहवालातले रंग बघून तुझी पाचावर धारण बसली आहे, हे फोनवरच कळलं होतं. ‘मी कॉपी केलेली नाही, सगळ्या पुस्तकांची नावं शेवटी दिली आहेत,’ असं तू पुन्हा पुन्हा सांगत होतीस. तू लबाडी केली नाहीस, यात मला शंका नाही. पण शेवटी यादी देणं वेगळं आणि ज्याचं वाक्य त्याच्या नावावर जागच्या जागी नोंदवणं वेगळं. यादीवरून तू काय काय वाचलंस ते कळतं. तिसऱ्या पानावरचा तो सुरेख विचार तुझा की कुणा दुसऱ्याचा, हे यादी सांगत नाही. तुझ्या सुपरवायझरबाईंनी समासात नेमकं तेच विचारलं आहे.

आधी अहवालातल्या टक्क्यांचं भूत उतरवू. ते यंत्र चोरी पकडत नाही, फक्त शब्दांचं साम्य मोजतं. अवतरणचिन्हांत नीट दिलेला उताराही ते रंगवतं आणि संदर्भसूचीतली पुस्तकांची नावंही रंगवतं. उलट तू एखाद्या मराठी पुस्तकातला परिच्छेद गुपचूप इंग्रजीत उतरवलास, तर त्याला बहुधा पत्ताही लागणार नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासाठी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून द्यायचा, साठपर्यंत वर्षभर सादर करायला बंदी आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. आधार देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची, असंही त्या नियमांत आहे. पण इथल्या बऱ्याच मुलांनी त्यातून एवढंच घेतलं की दहा टक्के माफ! मग शब्द इकडचे तिकडे करून आकडा खाली आणून देणारी दुकानं निघाली. आकडा खाली येतो, उचललेलं उचललेलंच राहतं. तेव्हा तू आकड्याच्या मागे लागू नकोस. प्रत्येक वाक्यापाशी स्वतःला तीन प्रश्न विचार: हे शब्द कोणाचे? विचार कोणाचा? आणि मी तो नेमका कुठे वाचला? तिन्हींची उत्तरं वाचणाऱ्याला पानावरच मिळाली, तर तुझं काम चोख झालं.

तुझ्याकडून हे का घडलं, तेही मला दिसतं. आपल्याकडे शाळेत पुस्तकातलं उत्तर शब्दशः उतरवणारी मुलगी हुशार. गाईडमधला निबंध पाठ करून लिहिला तर पाठीवर थाप मिळते. तू त्या थापेवर वाढलीस, तो काही गुन्हा नव्हे. त्यात भाषा परकी. समोरच्या पुस्तकात डौलदार इंग्रजी वाक्य दिसतं आणि मनात येतं, हेच मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कशाला सांगू? मग ते वाक्य घ्यायचं आणि त्यातले चार शब्द बदलायचे. तुझ्या प्रकरणात हेच ठिकठिकाणी झालंय. उसन्या वाक्यांच्या मधे तुझं साधं वाक्य आलं की सूर बदललेला लगेच ऐकू येतो. बाईंना यंत्राची गरजही नसणार.

आता एक नमुना बघ. वाक्य मीच रचलं आहे आणि सोयीसाठी मराठीत लिहिते. समज, एका संशोधिकेने लिहिलं: ‘एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारक नवऱ्यांनी बायकांना शिकवलं, परंतु त्या शिक्षणाची सीमा त्यांनी स्वतःच आखली.’ तू लिहितेस: ‘एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुधारणावादी पतींनी पत्नींना शिक्षण दिलं, मात्र त्या शिक्षणाची मर्यादा त्यांनीच ठरवली.’ इथे बरेचसे शब्द बदलले, पण सांगाडा तोच. वाक्याची चाल तिची, ‘परंतु’वर घेतलेलं वळणही तिचं. अशा वाक्याखाली तळटीप दिलीस तरी भागत नाही, कारण नुसती तळटीप सांगते की विचार तिचा, शब्द माझे. इथे शब्दही तुझे नाहीत. वाक्य इतकं आवडलं असेल तर ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत दे. नाहीतर पुस्तक मिटून बाजूला ठेव, आईला फोनवर सांगशील तसं ते मराठीत मोठ्याने सांग, आणि मग इंग्रजीत लिही. तेव्हा असं काहीतरी येईल: ‘अमुक संशोधिकेच्या मते बायकांनी किती शिकायचं हे नवरेच ठरवत होते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचताना मात्र दिसतं की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोधही तितकाच कडवा होता.’ पहिलं वाक्य तिच्या नावावर, दुसरं तुझं. ते दुसरं वाक्य सुचावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. दुसऱ्याचं कुठे संपलं हे स्पष्ट दाखवलं, की तुझं कुठे सुरू झालं ते आपोआप दिसतं. आधार लपवणारा विद्यार्थी स्वतःचं श्रेयही त्याच ढिगाऱ्यात गाडून टाकतो.

तुझं इंग्रजी साधं असलं तरी चालेल. छोटी वाक्यं लिही. चुका झाल्या तर त्या दुरुस्त होतात.

आता तुझ्या विषयातली खरी मेख. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ तू १८८२ सालचं पुस्तक म्हणून तळटिपेत दिलं आहेस आणि पुढे पानांचे आकडे. रेवा, तू १८८२ ची प्रत कधी हातात धरलीस? ते पुस्तक निघालं आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, म्हणून तुझ्यामाझ्यापर्यंत पोहोचलं. तू दिलेले पानांचे आकडे आहेत ते मालशे यांच्या आवृत्तीचे, आणि तळटिपेत मालशे कुठेच नाहीत. म्हणजे कुणी तुझा आधार तपासायला गेलं तर भलत्याच पानावर जाऊन पडणार, आणि ज्या माणसाने पुस्तक परत आणलं त्याचं नाव तेवढं गळणार. तळटीप अशी हवी: लेखिका, पुस्तकाचं नाव, मूळ प्रकाशन १८८२, संपादक मालशे, १९७५, पान अमुक. जे पुस्तक प्रत्यक्ष हाताळलं त्याचाच पत्ता द्यायचा, हा नियम कधी मोडू नकोस.

त्याच प्रकरणात तू लिहिलंस की जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तळटीप थेट ‘सत्सार’ला. पण तुझ्या वाक्यावरून मला दिसतं की हे तू रोझालिंड ओ'हॅनलन यांनी केलेल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत वाचलं आहेस, १९९४ च्या पुस्तकात. मग तसं सांग. फुल्यांचं मूळ अमुक ठिकाणी, मी ते ओ'हॅनलन यांच्याकडून घेतलं. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो मूळ न बघता बघितल्याचा आव आणण्यात. आणि तुझ्या बाबतीत तर असं दुसऱ्याकडून घेण्याचीही गरज नाही. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलं आहे, १९६९ च्या पहिल्या आवृत्तीचे संपादक धनंजय कीर आणि पुन्हा हेच मालशे. ‘सत्सार’ त्यात आहे. तू मराठी वाचू शकतेस, तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांना ते जमणार नाही. मग दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी कशाला प्यायचं?

भाषांतरकारांचंही तसंच. ‘स्मृतिचित्रे’मधले तीन उतारे तू इंग्रजीत दिलेस आणि खाली फक्त लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घातलंस. लक्ष्मीबाईंनी ते इंग्रजीत लिहिलं नाही. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात मराठीत आले. इंग्रजीत जोसेफिन इंक्स्टर यांचं भाषांतर १९५० मध्ये निघालं आणि शांता गोखले यांचं २०१७ मध्ये. दोन्हींमधली लक्ष्मीबाई एकाच आवाजात बोलत नाही, ते तू शेजारी शेजारी ठेवून वाच. तू घेतलेला शब्द कोणत्या लक्ष्मीबाईचा, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं. उतारा तू स्वतः मराठीवरून केला असशील, तर तळटिपेत भाषांतर माझं असं स्वच्छ लिही आणि मराठी पुस्तकाचं पान दे. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचंही तेच. मूळ पुस्तक १९१० चं, इंग्रजी भाषांतरं दोन, एक कॅथरीन गेट्स यांचं १९३८ चं आणि दुसरं कुसुमावती देशपांडे यांचं १९६३ चं.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. मराठी अभ्यासकाचा विचार इंग्रजीत नेला की तो आपला होतो, अशी समजूत आपल्या मंडळींमध्ये फार आहे. परदेशातल्या परीक्षकाला मराठी येत नाही, यंत्राला पत्ता लागत नाही, मग कोण विचारतंय! पण ज्यांनी अर्धं आयुष्य दप्तरं चाळण्यात घालवलं, त्यांचं नाव जगापुढे जाण्याची वाट तुझ्यासारख्यांच्या तळटिपांमधूनच जाते. तिथे तू गप्प बसलीस तर तिकडच्या वाचकाच्या लेखी मराठीत कुणी विचारच केला नाही. शिवाय हा काही साहेबाने शिकवलेला शिष्टाचार नव्हे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी करताना ज्ञानेश्वरांनी व्यासांचं आणि आधीच्या भाष्यकारांचं ऋण नोंदवलं आहे. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढले ते अस्सल कागद दाखवल्याशिवाय इतिहास सांगायचा नाही, याच हट्टापायी.

आता थोडं कारकुनी, पण त्यात तुझे मार्क अडकलेत. पद्धती पुष्कळ आहेत. साहित्यवाले एमएलए वापरतात, तिथे लेखक आणि पान महत्त्वाचं, कारण वाद नेमक्या शब्दांवर असतो. मानसशास्त्रवाले एपीए वापरतात, तिथे साल पुढे येतं, कारण संशोधन जुनं होतं. कंसात नाव-साल घालायच्या ज्या पद्धतीला हार्वर्ड म्हणतात, तिचा उगम १८८१ मधल्या एका प्राणिशास्त्रज्ञाच्या, एडवर्ड मार्क यांच्या, लेखात सांगितला जातो. तुझ्या विभागाने शिकागो आणि तळटिपा सांगितल्यात. मग तेच, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. कुठली पद्धत श्रेष्ठ यावर वेळ घालवू नकोस. एकदा धरली की सोडायची नाही, एवढंच.

‘इबिड’, म्हणजे ‘तत्रैव’, मात्र काढून टाक. तू जागोजागी ते लिहिलंस, नंतर परिच्छेद वरखाली केलेस आणि आता अकराव्या पानावरचं ‘इबिड’ लक्ष्मीबाईंऐवजी सरकारी अहवालाकडे बोट दाखवतंय. शिकागोवाल्यांनीही २०१७ च्या आवृत्तीपासून त्याऐवजी आडनाव, छोटं शीर्षक आणि पान असं लिहायला सांगितलं आहे.

मराठी पुस्तकांसाठी काही गोष्टी तुला कुणी तिकडे सांगणार नाही. पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिही आणि त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ दे. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदा ठरवलंस की सगळीकडे तेच ठेव. तुझ्याकडे ‘स्मृतिचित्रे’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आलंय. आडनावांचं भान ठेव. तुझ्या प्रकरणात लक्ष्मीबाई, त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन आणि लोकमान्य असे तीन टिळक आहेत, आणि तू बिनदिक्कत ‘टिळक म्हणतात’ लिहून मोकळी होतेस. जुन्या पुस्तकावर नुसता शक असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळव, पण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला एकोणऐंशी. प्रस्तावनेची पानं वेगळ्या आकड्यांत असतील तर ती तशीच दे. आणि संदर्भ नोंदवायला झोटेरो वापरतेस ते चांगलं आहे, फुकट आहे, वेळ वाचतो. पण त्याला मराठी नावातलं वडिलांचं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं ते समजतंच असं नाही. प्रत्येक नोंद स्वतः वाचून घे.

सगळ्यालाच आधार लागतो असंही नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ चा, याला तळटीप नको. भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण ती कोणत्या अर्थाने पहिली, आधीच्या मिशनरी शाळांचं काय, असं तू लिहायला लागलीस की तिथे मतं वेगळी पडतात आणि आधार लागतो. शंका आली तर आधार दे. जास्त तळटिपा दिल्या म्हणून कुणी नापास केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आधार प्रामाणिक असूनही लेखकावर अन्याय होऊ शकतो, तेही बघ. चौथ्या पानावर तू ओ'हॅनलन यांचं अर्धं वाक्य घेतलंस आणि मधे तीन टिंबं टाकलीस. त्या टिंबांत त्यांनी घातलेली अट गेली. त्या ‘काही घरांत’ असं म्हणत होत्या, तुझ्याकडे ते सगळ्या महाराष्ट्राला लागू झालं. त्यांनी शक्यता सुचवली तिथे ‘सिद्ध केलं’ म्हणू नकोस. ज्याचं नाव घेतेस त्याने ते पान वाचलं तर ‘होय, मी असंच म्हणालो होतो’ असं त्याला म्हणता यायला हवं.

चॅटजीपीटीबद्दल तू विचारलंस. तुमच्या विद्यापीठाचा त्याबद्दलचा नियम आधी वाच आणि तो जे उघड करायला सांगतो ते उघड कर. पण त्याच्याकडून संदर्भ कधी मागू नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी त्याने दिलेले निवाडे जोडले. निवाड्यांना नावं होती, क्रमांक होते, उतारेही होते. तसे खटले मुळात झालेच नव्हते. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. जे पुस्तक तू उघडलं नाहीस ते तळटिपेत नको, मग ते कुणीही सुचवलेलं असो.

पुढे हा घोटाळा होऊ नये म्हणून टिपणं काढायची सवय बदल. तुझी वही मागच्या सुट्टीत पाहिली होती. तिच्यात पुस्तकातली वाक्यं आणि तुझे विचार एकाच शाईत, एकाच ओळीत वाहतात. महिन्याभराने कुठलं कोणाचं, हे तुलाच सांगता येणार नाही. बरीच वाङ्मयचौर्यं अशीच, वहीतच जन्माला येतात. पान उभं दुभाग. डावीकडे पुस्तकातले शब्द, अवतरणचिन्हांत, आणि लिहायच्या आधी पानाचा आकडा. उजवीकडे तुझं म्हणणं, मराठीत असलं तरी चालेल, किंबहुना मराठीतच असू दे. प्रकरण लिहायला बसशील तेव्हा उजवी बाजू उघडी ठेव. डावीकडे फक्त पडताळायला बघ.

माणसांचेही आधार असतात. सोलापूरच्या मावशींनी त्यांच्या आजीच्या शाळेची हकीकत तुला सांगितली, ती तू ‘असे म्हणतात’ म्हणून घातलीस. त्यांना विचार की नाव घातलं तर चालेल का. हो म्हणाल्या तर मुलाखत म्हणून नाव आणि तारीख दे. नको म्हणाल्या तर नाव न देता, पण मुलाखत आहे हे सांगून दे. ज्या ग्रंथपालांनी तुला जुने अंक काढून दिले त्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात यायलाच हवा.

आणि माझं. मी प्रकरण वाचलं, शंका काढल्या, हे सुपरवायझरबाईंना सांग आणि चालत असेल तर ऋणनिर्देशात एक ओळ घाल. ‘आत्या, तूच तो परिच्छेद नीट करून पाठव ना’ हे मात्र होणार नाही. मी लिहिलेली वाक्यं तुझ्या नावावर गेली, तर वर लिहिलेलं सगळं मला आधी स्वतःला वाचून दाखवावं लागेल.

आता असं कर. उद्याच बाईंना भेट आणि रंगलेली पानं स्वतःहून पुढे ठेव. काय झालं, कुठे झालं, कसं दुरुस्त करणार, तिन्ही सांग. हा कच्चा मसुदा आहे, अजून काही बिघडलेलं नाही. पण हेच पदवी मिळाल्यावर उघडकीला आलं तर काय होतं, ते जर्मनीच्या संरक्षणमंत्र्यांना २०११ मध्ये कळलं. प्रबंधातली उचलेगिरी बाहेर आली, डॉक्टरेट गेली आणि मंत्रिपदही. मग पहिल्या पानापासून बस. प्रत्येक परिच्छेदाला ते तीन प्रश्न विचार आणि जिथे उत्तर देता येत नाही तिथे खूण कर. त्या खुणा आधी मिटव, इंग्रजीची सफाई नंतर.

‘समग्र वाङ्मय’ तिकडच्या ग्रंथालयात नसेल तर कळव. मी इथे प्रत काढून ‘सत्सार’ची पानं, शीर्षकपानासकट, स्कॅन करून पाठवते. दादाला तुझ्या अहवालाबद्दल मी काही बोलले नाही. तूच सांग.

तुझी,
आत्या